मिरकरवाड्याची ओहोटी

पाणी उतरलं आहे. मे महिना संपत आलेला, अमावास्या नुकतीच झालेली, आणि पहाटे साडेपाचच्या उजेडात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा तळ जवळजवळ उघडा पडला आहे. एरवी एकमेकींना खेटून डुलणाऱ्या नौका आता एका अंगावर कलंडून गाळात बसल्या आहेत. गाळ काळा आहे. त्यावर तेलाचा तवंग, जाळ्यांचे हिरवे-निळे तुकडे, फुटक्या थर्माकोलच्या पेट्या. धक्क्याच्या भिंतीला कालवांचा आणि शेवाळाचा पट्टा चिकटलेला दिसतो. भरतीला हा पट्टा पुरता बुडतो. उधाणात पाण्याचा चढ-उतार इथे दोन मीटरांच्या आसपास असतो, आणि आत्ता तो भिंतीवर हात ठेवून दाखवता येतो.

वर धक्क्यावर मात्र घाई आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांचा माल उतरतो आहे. एका ट्रॉलरमधून म्हाकूळ निघतं आहे, शेजारच्या नौकेतून बांगडा आणि राणी मासा. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज बसलेला आहे. बर्फ फोडणारा पोरगा अनवाणी आहे. नेपाळी खलाशांच्या पिशव्या भरून तयार आहेत. हिशेब मिळाला की ते रेल्वे स्टेशन गाठतील आणि ऑगस्टच्या तोंडावर परत येतील. कोपऱ्यात दोघे जण जाळं गुंडाळून टेम्पोत चढवत आहेत. जानेवारी २०२५मध्ये मत्स्यव्यवसाय विभागाने बंदराच्या जागेवरची अनधिकृत बांधकामं मोठ्या संख्येने पाडली, त्यात जाळी ठेवायच्या शेडही गेल्या. आता जाळी घरी न्यावी लागतात.

माझ्याबरोबर एक निवृत्त प्राध्यापक आहेत. मत्स्यशास्त्र शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना सगळे ‘सर’च म्हणतात, मीही. त्यांच्या पिशवीत एक काळी-पांढरी तबकडी आहे, दोरीला बांधलेली. दोन बाटल्या आहेत, बारीक जाळीची एक चाळणी आहे आणि पाण्याने फुगलेली वही. नौकांच्या पलीकडे जिथे अजून कंबरभर पाणी आहे, तिथे ते पाणी किती गढूळ आहे ते पाहायला एका छोट्या होडीतून तबकडी सोडतात. वीतभर खाली जाते न जाते तोच ती दिसेनाशी होते. सर वहीत आकडा लिहितात. मग तळाचा ओंजळभर गाळ चाळणीत घेऊन हलक्या हाताने धुतात. काळं पाणी गळून जातं आणि जाळीवर उरतात केसासारखे लाल किडे, दोन-तीन शिंपल्यांचे तुकडे, बाकी काही नाही.

“जिवंत तळात पंधरा-वीस प्रकारचे जीव सहज सापडतात,” ते म्हणतात. “इथे एकाच जातीची गर्दी आहे. म्हणजे खाली प्राणवायू कमी पडतोय. हे आजचं चित्र. यात उद्या भराव टाकला तर काय बदललं ते कळायला आधीची नोंद नको का?”

भरावाचा विषय निघतो तो असा. कागदावर काहीही नाही, धक्क्यावरची बोलणी आहेत. पण बंदराच्या विस्ताराचं काम म्हटलं की हा प्रश्न येतोच: काम चालू असताना नौका लावायच्या कुठे? मग कुणी तरी म्हणतं, तात्पुरता धक्का घाला.

होडी ज्यांची आहे ते नाखवा साठीच्या पुढचे. त्यांचं म्हणणं सरळ आहे.

“काम करा, आम्ही नको म्हणत नाही. पण माझी नौका कुठे लावू ते सांगा. ऑगस्टला सगळ्या एकदम सुटतात. सप्टेंबरात मोठ्या घेरजाळ्यांचे पर्ससीनवाले येतात. मासळी उतरवायला दोन-दोन तास थांबायचं, तोवर बर्फ पाणी होतो. एका मोसमापुरता का होईना, धक्का द्या.”

“कशाचा द्यायचा, नाखवा?” सर विचारतात.

“दगड-मुरमाचा भराव, वर सिमेंटचे ठोकळे. आठ दिवसांत उभा राहतो.”

“आणि काढायचा कोणी?”

“ते ठेकेदाराने बघायचं.” थोडं थांबून ते स्वतःच पुढे सांगतात, “काढत नाहीत, सर. माझ्या मेव्हण्याच्या गावी खाडीत पुलाच्या कामाला असा भराव टाकला होता. पूल झाला, वरचा मुरूम पावसाने नेला, दगड तळाशीच राहिले. अजून जाळं फाटतं तिथे.”

नाखव्यांची गरज खरी आहे आणि त्यांची भीतीही खरी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून ऐकताना मला वाटतं, पर्यावरणाची तपासणी म्हणजे मच्छीमाराच्या वाटेतला धोंडा असं जे बोललं जातं ते चूक आहे. ही तपासणी सगळ्यात आधी यांच्याचसाठी हवी.

सर होडीतूनच हाताने रेषा काढून दाखवतात. बाहेर दगडांचा लांब बंधारा आहे, ब्रेकवॉटर. त्याचं काम लाट अडवण्याचं. मासळी उतरवायच्या धक्क्याशी लाटेची उंची साधारण ३० सेंटीमीटरच्या आत असावी, असा अभियंत्यांचा दंडक आहे; नाहीतर नौका धक्क्यावर आपटतात. पण पाणी जिथे निवांत होतं तिथेच त्यातली माती खाली बसते. मिरकरवाड्याचं गाळाचं दुखणं हे या निवांतपणाचंच दुसरं अंग आहे. आता या निवांत पाण्यात आणखी एक आडवा भराव घातला तर आत-बाहेर फिरणारं भरतीचं पाणी आणखी मंदावणार, आणि जी नौका आज ओहोटीला तास-दोन तास गाळात बसते ती चार तास बसेल. म्हणजे ज्यासाठी धक्का मागितला, तेच हातचं जाईल.

“मग काय करायचं?” नाखवा विचारतात.

सरांचं उत्तर लांबलचक आहे, पण नाखवा ते मन लावून ऐकतात. लोखंडी खांब ठोकून त्यावर तक्तपोशी केली तर खालून पाणी वाहतं राहतं. मात्र खांब ठोकताना आवाज आणि हादरा पाण्यात दूरवर जातो, गाळ ढवळतो, म्हणून ते काम ठरावीक तासांत आणि हळूहळू जोर वाढवत करावं लागतं. त्यामुळे माशांना पळून जायला अवधी मिळतो. तिसरा प्रकार तरंगत्या धक्क्याचा. हवा भरलेले मोठे पोकळ ठोकळे एकमेकांना जोडायचे, साखळ्यांनी तळाशी बांधायचे. भरती-ओहोटीबरोबर तो वर-खाली होतो, आणि पावसाळ्याआधी ओढून नेता येतो. साखळी तळावर घासते तेवढी जागा खरवडली जाते, पण ती मोजून सांगता येते. खर्च सुरुवातीला जास्त.

“म्हणजे हलवता येतो,” नाखवा म्हणतात.

“हलवता येतो. दुसऱ्या बंदरातही नेता येतो.”

माझ्या मते मिरकरवाड्यासारख्या गाळ धरणाऱ्या बंदरात भरावाचा विचारसुद्धा करू नये. तरंगता धक्का किंवा खांबांवरचा, या दोहोंतूनच निवड व्हावी.

कोकणात समुद्रातलं बांधकाम ऑक्टोबर ते मे या काळातच होतं, कारण पावसाळ्यात पाणी उभं राहू देत नाही. मासेमारीचा मोसमही जवळपास तोच. ५ फेब्रुवारी २०१६च्या राज्याच्या आदेशाने पर्ससीन मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले, त्यामुळे त्या चार महिन्यांत बंदरात गर्दी दाटते. तात्पुरत्या धक्क्याची निकड तेव्हाच सर्वांत जास्त, आणि त्याचा त्रासही तेव्हाच. मेअखेर तो उचलला नाही तर जूनची पहिली मोठी लाट तो मोडेल आणि त्याचं सामान बंदराच्या तोंडाशी नेऊन टाकेल.

आठ वाजतात. पाणी बरंच चढलं आहे, कलंडलेल्या नौका एक-एक करून उभ्या राहतात.

चहा पिताना सर कायद्याचं सांगतात. १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे ठरावीक क्षमतेपेक्षा जास्त मासळी हाताळणाऱ्या बंदराला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. बांधकाम भरती-ओहोटीच्या पट्ट्यात किंवा पाण्यात असेल तर किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची परवानगी लागते. त्याची सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ची. अर्जाबरोबर भरतीरेषा आणि ओहोटीरेषा दाखवणारा १:४००० प्रमाणाचा नकाशा जोडायचा, आणि प्रकल्पाच्या भोवतीचा ७ किलोमीटरचा परिसरही नकाशावर दाखवायचा.

मी मनाशी मिरकरवाड्यावर कंपास ठेवतो. ७ किलोमीटरांत काय काय येतं? पश्चिमेला रत्नदुर्ग आणि भगवती बंदर. उत्तरेला पांढरा समुद्र आणि मिऱ्या. दक्षिणेला मांडवीची काळी वाळू, राजीवडा, आणि काजळी नदीचं मुख म्हणजे भाट्याची खाडी. सगळं शहर त्यात येतं. पण तात्पुरता धक्का बहुतेक वेळा मोठ्या कामाच्या पोटात लपतो. मूळ अहवालात त्याला एखादी ओळ मिळते, पुष्कळदा तीही नाही. नकाशावर कायमची भिंत असते, दोन वर्षं पाण्यात उभं राहणारं मचाण, बार्ज, खडीचा ढीग आणि काँक्रीट कालवायचं यंत्र नसतं. धुतलेल्या काँक्रीटचं पाणी थेट समुद्रात गेलं तर तिथलं पाणी अल्कधर्मी होतं आणि कालवांची पिल्लं आधी मरतात. हे सगळं याच दुर्लक्षित काळात घडतं.

दुपारच्या आत आम्ही मिऱ्याला पोचतो. भरती पूर्ण आहे. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर लाटा आपटत आहेत आणि टेट्रापॉडच्या फटींतून पाणी उसळून रस्त्यावर येतं आहे. अजून पावसाळा सुरू व्हायचा आहे. बंधाऱ्यामागे नारळाच्या बागा आणि घरं आहेत. एका घराच्या ओटीवर बसलेले आजोबा समुद्राकडे बोट दाखवून सांगतात, “तिथे आमचं खळं होतं.” त्या ठिकाणी आता लाट फुटते आहे.

मिऱ्याचा किनारा खचतो आहे हे सगळे मान्य करतात. का, यावर मात्र एकमत नाही. बंदराच्या बंधाऱ्यामुळे वाळूची वाट बदलली, असं इथले लोक ठामपणे सांगतात. सर घाईने हो म्हणत नाहीत. वाळू वर्षभर एका दिशेने जात नाही. हिवाळ्यात वायव्येच्या लाटा एकीकडे ढकलतात, पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या दुसरीकडे. दोन भूशिरांच्या मधल्या अशा उपसागरात हा हिशेब नाजूक असतो. तो करणारी माणसं आपल्याकडे आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेलं, १९१६पासून चालत आलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदरांची लहान प्रतिकृती करून लाटांची तपासणी करतं. माझं म्हणणं एवढंच की ही तपासणी कायमच्या भिंतीपुरती नको. काम चालू असताना पाण्यात जे जे उभं राहणार तेही त्या प्रतिकृतीत उभं करून बघा.

आणि किनाऱ्यावर येऊन पडलेली वस्तू आपोआप जात नाही, हे मिऱ्याच्या माणसांइतकं कुणाला ठाऊक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून याच बंधाऱ्यापाशी येऊन रुतलं. पुढे कित्येक पावसाळे ते तिथेच गंजत राहिलं. एवढं मोठं जहाज कोणाच्या नावावर, कोणी हलवायचं, कोणाच्या पैशाने, यातच वर्षं गेली. मग दगड-मुरमाचा एक भराव कोण उचलणार?

उरणचं उदाहरण सर मुद्दाम सांगतात. जवाहरलाल नेहरू बंदराच्या भरावांनी आणि बांधकामांनी खाडीतलं भरतीचं पाणी अडलं, तिवरं मेली, पारंपरिक मासेमारी गेली, अशी तक्रार घेऊन तिथले कोळी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठापुढे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती भरण्याची जबाबदारी बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांच्यात वाटून दिली. पाणी अडवल्याची किंमत रुपयांत मोजता येते, ती मोजायला माणसं बसतात, हे त्या निकालाने दाखवलं. पण मेलेली खाडी भरपाईने परत येत नाही. म्हणून हिशेब आधी करायचा.

संध्याकाळी पाच वाजता भाट्याच्या पुलाखाली पुन्हा ओहोटी आहे. पुलावरून गाड्या जात आहेत, आणि खाली गुडघाभर पाण्यात बायका वाकलेल्या आहेत. साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, कमरेला कापडी पिशवी, हातात लोखंडी आकडा. मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायचं काम चालू आहे. पायाच्या अंगठ्याने वाळू चाचपायची, कडक लागलं की हात घालायचा. दोघीजणी पलीकडच्या खडकावर बसून कालवं फोडत आहेत. काठाला तिवरांची रांग आहे, तिच्या मुळांत लहान कोळंबी उड्या मारते आहे.

सर चपला काढून पाण्यात उतरतात. सकाळची चाळणी पुन्हा बाहेर येते. ओंजळभर वाळू धुतली की जाळीवर जीवच जीव: नखाएवढे मुळे, शंख, किडे, एक पारदर्शक खेकडा. सकाळी बंदरातल्या गाळात जे नव्हतं ते सगळं इथे आहे. अंतर जेमतेम तीन किलोमीटरांचं.

“मावशी, मुळे पूर्वीएवढे मिळतात का?” मी विचारतो.

“कुठले? माझी आई पाटी भरून न्यायची. आता पिशवीचा तळ झाकला तरी पुष्कळ.” त्या सरळ उभ्या राहून कंबर धरतात. “मुखाशी वाळू भरलीय बघा. होड्या टेकतात. पाणी नीट आत येत नाही. मुळ्याला ताजं पाणी लागतं.”

“बंदराच्या कामाबद्दल, खाडीबद्दल कुणी कधी विचारायला आलं?”

“आम्हाला? नाही. माणसं येतात ती वर पुलावरून फोटो काढतात. आमची वेळ पहाटेची नाहीतर संध्याकाळची, पाणी उतरलेलं असेल तेव्हाची. ती येतात दुपारी.”

हे वाक्य मी तसंच्या तसं वहीत लिहून घेतो. पाहणी करणारी गाडी कचेरी उघडल्यावर निघते आणि उधाणाच्या दिवशी दुपारच्या सुमारास रत्नागिरीत भरती असते. त्या वेळी भाट्याची खाडी म्हणजे निळं, भरलेलं, रिकामं दिसणारं पाणी. या बायका तिथे नसतात, मुळे दिसत नाहीत, गाळात बसलेल्या नौका तरंगत असतात. अशा पाहणीतून खाडीत काही विशेष नाही असं निघालं तर ते खोटं लिहिलेलं नसतं, फक्त चुकीच्या तासाला पाहिलेलं असतं.

सर म्हणतात, त्यांनी वाचलेल्या किनाऱ्यावरच्या अहवालांत कासव नेहमी असतं. गावखडीला, मालगुंडला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, ते महत्त्वाचंच आहे. पण ते नाव एका अहवालातून दुसऱ्यात उतरवलेलं असतं, आणि मुळे, कालवं, ती काढणाऱ्या बायका कुठल्याच यादीत सापडत नाहीत. या बायकांकडे नौकेचा परवाना नसतो, डिझेलचा परतावा नसतो, बहुतेकींची नावं सोसायटीच्या वहीतही नसतात. नुकसान झालं तर ते कुठे नोंदवायचं? नोंदच नाही म्हणून नुकसानच नाही, असा निष्कर्ष निघतो.

अंधार पडत चालला आहे. मावशी पिशवी उचलून काठाला येतात. मुळे वाटे करून उद्या सकाळी बाजारात बसतील. सर विचारतात, पाण्याखाली खांब ठोकले तर तुमचं काय होईल असं वाटतं? त्या क्षणभर विचार करून सांगतात, “आवाजाचं मला कळत नाही. पण पाणी गढूळ झालं तर मुळा तोंड मिटून घेतो. चार दिवस मिटला तर चालतं. महिनाभर मिटला तर मरतो.” सर मान हलवतात. हेच ते वर्गात शिकवत आले. गढूळ पाण्यात शिंपला गाळून खाणं बंद करतो.

मला जे मागायचं आहे ते थोडं आहे आणि ते आजच मागायला हवं, कारण ऑगस्टला नौका सुटल्यावर कुणालाच वेळ नसेल. मिरकरवाड्यात किंवा रत्नागिरीच्या दुसऱ्या कुठल्याही बंदरात तात्पुरता धक्का घालायचा ठरला, तर मत्स्यव्यवसाय विभागाने आणि सागरी मंडळाने त्याची वेगळी तपासणी करावी, मुख्य कामाच्या पोटात ती दडवू नये. पाहणी ओहोटीला व्हावी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, बंदराच्या गाळाची आणि भाट्याच्या वाळूचीही. धक्का कोणत्या तारखेला उचलणार ते निविदेत लिहावं आणि उचलण्याचे पैसे काम सुरू होण्याआधी ठेकेदाराकडून जमा करून घ्यावेत. तळ मोकळा झाल्याचं नाखव्यांनी पाहून सही केल्याशिवाय ते परत देऊ नयेत. मंजुरीच्या अटींचं पालन झालं की नाही याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. त्याचा मराठी सारांश लिलावाच्या शेडमध्ये आणि भाट्याच्या पुलाखाली चिकटवावा, वाचता येईल एवढ्या अक्षरात. आणि रत्नागिरीकरांनो, जनसुनावणीची नोटीस ३० दिवस आधी निघते. ती वाचा, आणि जाताना भाट्याच्या या मावशींना बरोबर घेऊन जा.